पेशीतील पाठचिकित्सा : आरएनए आणि एकपेशीय जीवांची आनुवंशिकता

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सहा महिन्यांचे एक बाळ घेऊन आई, वडील आणि आजी दवाखान्यात आले होते. बाळ हसरे होते, नजर तल्लख होती. परंतु हातपाय उशीसारखे मऊ पडलेले, गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया नाहीशी झालेली, आणि जिभेवर ती ओळखीची बारीक थरथर. बालरोगतज्ज्ञाच्या मनात अशा वेळी जे निदान येते तेच पुढे जनुकीय तपासणीने खरे ठरविले : स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी. एसएमएन-१ या जनुकाच्या दोन्ही प्रतींतील सातवा एक्सॉन गायब होता.

अहवाल समजावून सांगून झाल्यावर आजी आणि वडील बाहेर गेले. आई मात्र मागे थांबली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "डॉक्टर, सातव्या महिन्यात घरात वाद झाले होते. मी खूप रडले होते. आईंनी मला एक पुस्तिका वाचायला दिली होती. तिच्यात लिहिले आहे की आईच्या मनातल्या विचारांनी पोटातल्या बाळाची जनुके बदलतात, आणि हे आता विज्ञानानेही मान्य केले आहे. मग हे माझ्यामुळेच झाले का?"

मी तत्काळ "नाही" म्हणून सांगितले, आणि ते उत्तर आजही तेच आहे. परंतु त्या पुस्तिकेतील 'विज्ञानानेही मान्य केले आहे' हे शब्द मनातून गेले नाहीत. कारण अर्धवट का होईना, त्यामागे एक खरे विज्ञान आहे. ज्यांच्यात जनकाच्या शरीरातील मजकूर अपत्याच्या जनुकसंचाची अक्षरशः काटछाट आणि फेरमांडणी करवितो, असे जीव या सृष्टीत आहेत. हे काम आरएनएच्या मार्फत होते. फक्त ते जीव म्हणजे आपण नव्हे. ते नेमके कोण, त्यांच्यात काय घडते, आणि त्यावरून माणसाविषयी किती बोलावे व कोठे थांबावे, हे आपल्या समव्यवसायी मित्रांपुढे आणि समाजबांधवांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

दोन केंद्रकांचा संसार

डॉक्टर वाचकांनी हे जीव पाहिलेले आहेत. परजीवीशास्त्राच्या प्रात्यक्षिकात बॅलँटिडियम कोलायची आकृती आपण सर्वांनी काढली आहे. अंगभर पक्ष्माभिका, मध्ये घेवड्याच्या दाण्यासारखे एक मोठे केंद्रक, आणि त्याच्या खोबणीत टेकलेले एक चिमुकले केंद्रक. मोठ्यास मॅक्रोन्यूक्लियस आणि लहानास मायक्रोन्यूक्लियस अशी नावे देऊन आपण पान उलटले. एका पेशीला दोन केंद्रके कशासाठी, हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही. माणसाला उपद्रव देणारा हा सिलिएट वर्गातील एकमेव जीव. त्याचे भाऊबंद मात्र आपल्या आसपासच्या प्रत्येक तळ्यात, डबक्यात आणि गवत कुजलेल्या पाण्यात पोहत असतात. शाळेत शिकलेले पॅरामेशियम हे त्यांतीलच.

या दोन केंद्रकांत कामाची वाटणी आहे. लहान केंद्रक म्हणजे राखीव दप्तर. त्यातील जनुके दैनंदिन कारभारात जवळजवळ मुकी असतात. ती केवळ पुढील पिढीकडे सोपविण्यासाठी जपलेली असतात. मोठे केंद्रक म्हणजे रोजच्या वापराची प्रत. पेशीचे खाणे, पोहणे, वाढणे, सारे त्यावरून चालते. आपल्या शरीरात बीजांड व शुक्राणू यांचा जननवंश एकीकडे आणि यकृत, स्नायू, मेंदू यांच्या देहपेशी दुसरीकडे, अशी जी विभागणी आहे, तीच येथे एका पेशीच्या आत सामावलेली आहे.

दोन सिलिएट जेव्हा एकमेकांना बिलगतात, तेव्हा ते लहान केंद्रकांपासून तयार झालेल्या अर्ध्या वाट्याची देवाणघेवाण करतात. नंतर प्रत्येकात नवे संयुक्त केंद्रक तयार होते आणि त्यापासून नवे लहान व नवे मोठे अशी दोन्ही केंद्रके घडतात. जुने मोठे केंद्रक हळूहळू विरून जाते. ते नाहीसे होण्यापूर्वीच या कथेतील महत्त्वाचा भाग घडतो.

प्रक्षिप्त मजकूर

लहान केंद्रकातील मजकूर जसाच्या तसा वापरता येत नाही. त्यात जनुकांच्या मध्येमध्ये निरुपयोगी तुकडे घुसलेले असतात. त्यांतील बरेचसे म्हणजे पूर्वी केव्हातरी जनुकसंचात शिरून बसलेल्या ट्रान्सपोझॉनचे, म्हणजे 'उड्या मारणाऱ्या' डीएनएचे, अवशेष होत. नवे मोठे केंद्रक तयार होताना हे तुकडे नेमकेपणाने कापून काढावे लागतात आणि उरलेली टोके सांधावी लागतात.

बडोदेकरांना हे काम अपरिचित वाटू नये. आपल्या विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकिरामायणाची सात कांडांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारतासाठी हेच काम १९१९ पासून १९६६ पर्यंत केले. पंडितांनी हस्तलिखिते शेजारी ठेवली, ओळ न् ओळ ताडून पाहिली, पाठभेद नोंदविले, आणि मागाहून घुसलेले प्रक्षिप्त श्लोक मूळ संहितेतून बाजूला काढले. सिलिएटची पेशी प्रत्येक मीलनानंतर, काही तासांत वा दिवसांत, आपल्या जनुकसंचाची अशीच पाठचिकित्सा करते.

या कामाचा व्याप केवढा ते पाहा. टेट्राहायमेना थर्मोफिला या सिलिएटच्या राखीव जनुकसंचाचा सुमारे एक तृतीयांश भाग वगळला जातो, आणि पाच गुणसूत्रांचे तुकडे होऊन मोठ्या केंद्रकात १८१ लहान गुणसूत्रे तयार होतात. पॅरामेशियम टेट्राऑरेलियात कापून काढावयाचे तुकडे सुमारे ४५,००० आहेत. त्यांतील काही तर अवघ्या २६ अक्षरांचे. जवळजवळ निम्म्या जनुकांच्या पोटात असा किमान एक तुकडा असतो. जनुकाच्या मध्यात एका अक्षराची जरी चूक झाली तरी पुढचे सारे वाचन घसरते. ड्यूशेन रोगातील वाचनचौकट बिघडण्याचे परिणाम पाहिलेल्या वैद्याला याचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको.

मग पेशीला कळते कसे, की कोणता मजकूर मूळचा आणि कोणता प्रक्षिप्त? सर्व तुकड्यांवर ओळखण्याजोगी ठळक खूण असती तर प्रश्न नव्हता. पण तशी पुरेशी खूण नाही. उत्तर एकच उरते : जुन्या प्रतीशी ताडून पाहणे.

जुनी प्रत हाताशी ठेवून

२००२ साली अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात काझुफुमी मोचिझुकी, मार्टिन गोरोव्हस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेट्राहायमेनातील या ताडणीचे चित्र मांडले. मीलनाच्या आरंभी लहान केंद्रकातील डीएनएवरून आरएनए तयार होतो. डायसर जातीचे विकर त्याचे सुमारे २८-२९ अक्षरांचे बारीक तुकडे करते. या तुकड्यांना 'स्कॅन आरएनए' असे नाव मिळाले. ट्वी-१ नावाचे प्रथिन त्यांना हाताशी धरून जुन्या मोठ्या केंद्रकात नेते.

तेथे ताडणी होते. ज्या तुकड्याला जुन्या प्रतीत जुळणारा मजकूर सापडतो, तो तुकडा नष्ट केला जातो. कारण त्याचा मजकूर मागच्या पिढीने राखलेला होता. ज्यांना जोडीदार मिळत नाही ते शिल्लक राहतात. त्यांचा मजकूर मागच्या पिढीने वगळला होता, हाच याचा अर्थ. हे उरलेले तुकडे नव्या मोठ्या केंद्रकात जातात, आपल्याशी जुळणारा डीएनए शोधतात, आणि तेथील हिस्टोन प्रथिनांवर 'वगळावे' अशी रासायनिक खूण करवितात. त्याच वर्षी डेव्हिड अ‍ॅलिस यांच्या गटाने ही हिस्टोनवरील खूण दाखवून दिली. शेवटी कातरण्याचे काम करणारे विकर येऊन तो भाग कापते. पुढील वर्षांत या चित्रात बरेच तपशील भरले गेले, पण गाभा तोच राहिला.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कापणारे विकर स्वतःच एका जुन्या ट्रान्सपोझॉनपासून आलेले आहे. पॅरामेशियममध्ये त्याचे नाव पिगीमॅक, टेट्राहायमेनात टीपीबी-२. पूर्वी ज्याने जनुकसंचात घुसखोरी केली त्याचेच हत्यार घुसखोरांचा मजकूर काढण्यासाठी राबविले जाते.

जनकाचा वारसा, जनुकांवाचून

आता वर उल्लेखिलेल्या पुस्तिकेच्या जवळ येऊ. अशी ताडणी चालत असेल, तर जुन्या प्रतीत बदल केल्यास नवी प्रतही बदलली पाहिजे. १९९५ साली फ्रान्समध्ये सांद्रा दुहारकूर, एरिक मेयर आणि सहकाऱ्यांनी पॅरामेशियमवर नेमका हाच प्रयोग केला. एरवी वगळला जाणारा एक तुकडा त्यांनी सूक्ष्म सुईने जुन्या मोठ्या केंद्रकात टोचला. पुढील पिढीच्या मोठ्या केंद्रकात तोच तुकडा न कापता राहिला. लहान केंद्रकातील डीएनएला कोणी हात लावला नव्हता. तरीही जनकाच्या देहप्रतीत जे होते ते अपत्याच्या देहप्रतीत आले.

निसर्गात याचे उदाहरण आधीपासून होते, फक्त त्याचे कारण उलगडले नव्हते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील ट्रेसी सॉनबॉर्न यांनी १९३७ साली पॅरामेशियममधील मीलनप्रकार शोधून काढले. भिन्न प्रकारचे दोन जीवच एकमेकांशी मीलन करतात. मीलनानंतर दोघांची जनुके अगदी सारखी होतात, कारण दोघांनी समान वाटा दिला-घेतलेला असतो. तरीही काही जातींत 'ई' प्रकारच्या जनकाचे वंशज 'ई'च राहतात, आणि 'ओ'चे 'ओ'. जनुके एक, वारसा दोन. हे कोडे कित्येक दशके तसेच होते.

ते २०१४ साली मेयर यांच्याच गटातील दीपंकर प्रताप सिंह आणि सहकाऱ्यांनी उलगडले. 'ई' प्रकार ठरविणारे एक जनुक आहे. 'ओ' जीवांत त्या जनुकाला चालू करणारा आरंभीचा भागच प्रक्षिप्त समजून कापला जातो, म्हणून जनुक मुके होते. 'ई' जनकाच्या जुन्या प्रतीत तो भाग शाबूत असतो, त्यामुळे त्याच्याशी जुळणारे स्कॅन आरएनए तेथेच संपतात आणि अपत्यात तो भाग वाचतो. 'ओ' जनकाच्या प्रतीत तो नसतो. स्कॅन आरएनए शिल्लक राहतात आणि अपत्यातही तो कापला जातो. प्रक्षिप्त मजकूर काढण्याची यंत्रणा एका गुणधर्माचा वारसा चालविण्यासाठी वापरली गेली आहे.

आमच्या उपमेची मर्यादाही येथेच दिसते. पंडित अनेक पोथ्या ताडतो आणि आपल्या विवेकाने निर्णय घेतो. पेशीजवळ एकच पोथी आहे, मागच्या आवृत्तीची, आणि विवेक नाही. मागच्या आवृत्तीत चूक असेल तर ती चूकही निष्ठेने पुढे जाते.

विस्कटलेली पोथी

पॅरामेशियम आणि टेट्राहायमेना यांत नको ते काढले की काम संपते. ऑक्सिट्रिका नावाच्या सिलिएटमध्ये याहून मोठे कोडे आहे. येथे राखीव दप्तरातील जनुकांची पानेच उलटसुलट लागलेली आहेत. कोलोरॅडो विद्यापीठातील डेव्हिड प्रेस्कॉट यांच्या प्रयोगशाळेने १९८०च्या दशकाच्या अखेरीस ऑक्सिट्रिका नोव्हाच्या अ‍ॅक्टिन जनुकात हे प्रथम दाखविले. त्याचे नऊ तुकडे ३, ४, ६, ५, ७, ९, २, १, ८ अशा क्रमाने पडलेले असतात, आणि त्यांतील दुसरा तुकडा तर उलटा असतो. मोठ्या केंद्रकात मात्र ते एक ते नऊ या शुद्ध क्रमाने सांधलेले मिळतात.

२०१४ मध्ये प्रिन्स्टन येथील लॉरा लँडवेबर यांच्या गटाने ऑक्सिट्रिका ट्रायफॅलॅक्सचा राखीव जनुकसंच वाचून काढला तेव्हा त्याचा आवाका कळला. सव्वादोन लाखांहून अधिक तुकडे, आणि साडेतीन हजारांहून अधिक जनुके विस्कटलेली. नवे मोठे केंद्रक घडताना राखीव मजकुराचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग टाकून दिला जातो. जे उरते ते सुमारे १६,००० इवल्याशा गुणसूत्रांत मावते, आणि त्यांतील बहुतेकांवर एकेकच जनुक असते.

हा पसारा लावण्यासाठी अनुक्रमणिका कोठून येते? २००८ साली मारिउश नोवात्स्की, लँडवेबर आणि सहकाऱ्यांनी दाखविले की जुने मोठे केंद्रक विरण्यापूर्वी त्यातील संपूर्ण जनुकांच्या लांब आरएनए प्रती काढल्या जातात. त्या नव्या केंद्रकात जाऊन साच्याचे काम करतात. तुकडे त्यांच्यावर ओळीने मांडले जातात. या प्रती नष्ट केल्या तर मांडणी बिघडते. आणि संशोधकांनी मुद्दाम क्रम बदललेला कृत्रिम आरएनए टोचला, तेव्हा अपत्याचे जनुक त्या चुकीच्या क्रमाने जुळले, एवढेच नव्हे तर तो बदललेला क्रम पुढील पिढ्यांतही आढळला. साच्यातील एखाद्या अक्षराचा बदल सांध्याजवळच्या डीएनएत उतरल्याचेही दिसले.

२०१२ साली याच गटाने आणखी एक गंमत दाखविली. ऑक्सिट्रिकात सुमारे २७ अक्षरांचे लघु आरएनए जुन्या मोठ्या केंद्रकातून येतात आणि ते 'वगळावे' असे न सांगता 'राखावे' असे सांगतात. टेट्राहायमेनात टाकण्याची यादी, ऑक्सिट्रिकात ठेवण्याची यादी. जिथे नव्वद टक्के मजकूर टाकायचा तिथे ठेवण्याचीच यादी लहान होणार, हा हिशेब कोणत्याही गृहिणीला पटेल.

हे आपल्या शरीरात कोठे दिसते?

एवढ्या दूरच्या जीवांशी वैद्याला काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्यास तीन उत्तरे आहेत.

पहिले, या जीवांनी वैद्यकाला बरेच दिले आहे. आरएनए स्वतः विकराचे काम करू शकतो हे थॉमस चेक यांना १९८२ साली टेट्राहायमेनातच सापडले. त्यासाठी त्यांना व सिडनी ऑल्टमन यांना १९८९चे नोबेल मिळाले. गुणसूत्रांची टोके एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी टेट्राहायमेनात अभ्यासली, आणि कॅरोल ग्रायडर यांच्यासह १९८५ साली टेलोमरेज हे विकर प्रसिद्ध केले. ज्या पेशीत हजारो लहान गुणसूत्रे आहेत तेथे टोकेही विपुल, म्हणून हा शोध तेथे लागला. टेलोमरेजच्या पोटातही एक आरएनए साचा असतो. तो वा त्याचे साथीदार बिघडले की डिस्केराटोसिस कंजेनिटा होतो, ज्यातील अस्थिमज्जेचे अपयश बालरोगतज्ज्ञांनी पाहिलेले असते.

दुसरे, डीएनए कापून पुन्हा सांधण्याचे काम आपल्याही शरीरात चालते. बी आणि टी लसिकापेशी प्रतिपिंडांची आणि ग्राहकांची जनुके तुकड्यातुकड्यांनी जुळवितात. सुसुमु टोनेगावा यांना या शोधासाठी १९८७ साली नोबेल मिळाले. हे कापणारी आरएजी प्रथिनेही मुळात एका ट्रान्सपोझॉनची. ती जन्मतः निकामी असतील तर बाळाला तीव्र संयुक्त प्रतिकारहीनता होते आणि साधा संसर्गही जिवावर बेततो. मात्र एक फरक महत्त्वाचा : आपल्या लसिकापेशींतील ही काटछाट त्या पेशींपुरतीच राहते. ती कधीही अपत्याकडे जात नाही.

तिसरे उत्तर त्या आईच्या प्रश्नाशी निगडित आहे.

मग माणसाच्या आईचे काय?

सिलिएटमध्ये जनकाची देहप्रत आणि अपत्याची देहप्रत एकाच पेशीद्रवात काही काळ शेजारी शेजारी असतात. मधे भिंत नाही. म्हणून जुन्यातील आरएनए सरळ नव्यात जातो. माणसात रडणारा मेंदू आणि गर्भाच्या पेशींतील डीएनए यांच्यामध्ये असा रस्ता नाही. शिवाय गर्भधारणा होते त्या क्षणीच गर्भाचा डीएनए ठरून गेलेला असतो. सातव्या महिन्यातील दुःख मागे जाऊन सातवा एक्सॉन पुसून टाकू शकत नाही. त्या बाळाच्या आईवडिलांची तपासणी केली तेव्हा दोघेही वाहक निघाले. साधारणपणे चाळीस ते पन्नास व्यक्तींमागे एक जण या रोगाचा वाहक असतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. दोन वाहक एकत्र आले की प्रत्येक गरोदरपणात बाधित बाळाची शक्यता चारात एक. येथे दोष कोणाचाच नाही, आणि असलाच तर तो एकट्या आईचा नक्कीच नाही.

याचा अर्थ गरोदरपणाचा बाळावर परिणाम होत नाही असा मुळीच नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा व मुलांचा अभ्यास चालविला. आपली बाळे वजनाने कमी पण चरबीने तुलनेने अधिक असतात, हे त्यातून जगापुढे आले. गरोदरपणी ज्या मातांच्या रक्तात बी-१२ कमी व फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिरोध अधिक आढळला. हॉलंडमधील १९४४-४५च्या दुष्काळात पोटात असलेल्या व्यक्तींच्या डीएनएवरील मिथाइल खुणा साठ वर्षांनीही वेगळ्या आढळल्या. पण या अभ्यासांत जनुकांची अक्षरे बदललेली नाहीत. बदलल्या त्या जनुकांच्या वापराच्या खुणा, किंवा शरीराची चयापचयाची घडण. आणि पुढची पिढी घडताना, जननपेशींत व नंतर नवजात भ्रूणात, अशा बहुतेक खुणा पुसल्या जातात. ज्या ठरावीक खुणा मुद्दाम राखल्या जातात, त्यांचे मोल आपल्याला प्रेडर-विली आणि एंजेलमन या रोगांवरून ठाऊक आहेच.

म्हणून आपल्या व्यवसायबंधूंना एक नम्र विनंती. गर्भवतीला प्रसन्न राहा, चांगले वाचा, चांगले ऐका असे अवश्य सांगावे. तिच्या स्वतःच्या सुखासाठी ते आवश्यकच आहे. घरातील मंडळींनी तिला जपावे, हेही सांगावे. परंतु 'विचारांनी जनुके बदलतात' असे छापील वा तोंडी वाक्य कोणी आपल्या व्यासपीठावरून बोलत असेल तर त्याला तेथेच थांबवावे. त्या वाक्याची उलटी बाजू अशी होते की बाळात दोष निघाला तर तो आईच्या मनाचा. गर्भधारणेपूर्वीपासून फोलिक अ‍ॅसिड, बी-१२ची तपासणी, साखरेचे नियंत्रण, रुबेलाची लस, तंबाखू-मिश्रीपासून दूर राहणे, नात्यात लग्न किंवा घरात पूर्वी बाधित मूल असेल तर वाहक तपासणी : आईच्या आणि कुटुंबाच्या हाती खरोखर जे आहे ते हे.

दप्तर आणि वापराची प्रत

आरएनएच्या मार्गाने जनुकसंचात दुरुस्ती करण्याची कला माणसाने आता स्वतः हस्तगत केली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फिया येथे सीपीएस-१ या विकराच्या अभावाने अमोनिया वाढत असलेल्या एका तान्ह्या मुलाला केवळ त्याच्यासाठी तयार केलेले औषध दिले गेले. चरबीच्या सूक्ष्म कणांत भरलेला मार्गदर्शक आरएनए आणि संपादक प्रथिनाचा संदेश यकृतात पोहोचला व त्याने चुकलेले एक अक्षर दुरुस्त केले. आरएनएने जागा दाखवावी आणि प्रथिनाने डीएनएवर काम करावे, ही रीत सिलिएट पूर्वापार वापरीत आले आहेत. फरक इतकाच की हे उपचार यकृतासारख्या देहपेशींपुरते योजलेले आहेत. राखीव दप्तराला हात लावायचा नाही, दुरुस्ती वापराच्या प्रतीतच करायची, हा दंडक वैद्यकाने स्वतःला घालून घेतला आहे. तो का आवश्यक आहे ते ऑक्सिट्रिका सांगते : एकदा चुकीचा साचा दिला की ती चूक पुढील पिढ्या प्रामाणिकपणे गिरवितात.

स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीवरही २०१६ पासून आरएनएच्या पातळीवर काम करणारी औषधे उपलब्ध होत गेली आहेत. एसएमएन-२ या जुळ्या जनुकाच्या संदेशात गाळला जाणारा सातवा एक्सॉन ती पुन्हा आत घेववितात. तेही एक प्रकारचे संपादनच. किंमत मात्र सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहे, आणि यासाठी आपल्या संघटनेने आवाज उठविणे हे आपले कर्तव्य ठरते.

त्या दिवशी मी आजींना पुन्हा आत बोलाविले. अहवालाचे दोन कागद शेजारी ठेवले, एक सुनेचा, एक मुलाचा, आणि दोन्हींवरची एकच ओळ बोटाने दाखविली. त्यांनी चष्मा पुसला, दोन्ही कागद पुन्हा पाहिले, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. जाताना बाळाला त्यांनी सुनेच्या हातून आपल्याकडे घेतले. पुढील खेपेस तिघेही पुढच्या गरोदरपणातील गर्भजल व वार तपासणीची माहिती विचारावयास आले होते. पुस्तिकेचा विषय पुन्हा निघाला नाही.